घर विकताना कागदाचं मोल

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावसारख्या गावात गावठाणातलं जुनं घर विकायला काढलं, की घेणारा आधी विचारतो, "कागद काय आहेत?" बहुतेकांकडे असतो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. पण तो घरपट्टीसाठीचा. पट्टी कुणी भरायची हे तो सांगतो. मालकी सिद्ध करत नाही.

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं घर विकलं, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखत नोंदवावंच लागतं. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्क आणि वकिलाचा शोध अहवाल वेगळा. हा खर्च रिवाजानं घेणारा करतो, पण भाव पाडून तो विकणाऱ्याकडूनच वसूल करतो.

मग कागद कशाला? वडिलांच्या पश्चात उताऱ्यावर अनेकदा एकट्या थोरल्याचं नाव लागतं. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. बहिणीची सही टाळून झालेला सौदा पुढे कोर्टात जातो. वारसनोंदीच्या खर्चापेक्षा तो दावा कितीतरी महाग पडतो, आणि नातंही तुटतं.

हद्दीचंही तसंच. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देतात. आपल्या घराची झाली असेल, तर नावं आणि क्षेत्र आजच तपासा.

एकच माहिती चार ठिकाणी मागणारा कागद जाच आहे, तो कमी व्हावा. पण बहिणीला विचारायला लावणारा कागद मात्र राहावा. विसार घेण्याआधी सगळ्या वारसांना एकत्र बसवा.