परमुलखातले बाळंतपण

आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. तिथे तिला केवळ विसावाच मिळतो असे नाही. कोणती कळ खरी, कोणती खोटी, हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणारी आई तिथे असते. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शेकशेगडी या गोष्टी न मागता पुढे येतात. आपल्यापैकी ज्या भगिनींनी यजमानांच्या नोकरीपायी दिल्लीला किंवा कानपूरला संसार मांडला, त्यांना हे माहेर दुरावणे म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तरी त्यांच्याकडे निदान आईचे पत्र आणि लाडवांचा डबा पोचत असे.

आज मला बोलायचे आहे ते आपल्या दाराशी आलेल्या परमुलखातल्या स्त्रियांविषयी. पुण्यामुंबईकडे जिथे उंच इमारती उठतात, तिथे त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांतून बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड इकडून आलेली मजूर कुटुंबे राहतात. त्यांतल्या कित्येकींचे दिवस विटा वाहता वाहताच भरतात.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराच्या रुग्णालयात पाहिलेला प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. परिचारिकेने एका अवघडलेल्या बिहारी मुलीला विचारले, “कळ येते का?” मुलीने ऐकले ‘कल’. उद्या यायला सांगितले असे समजून तिने मुकाट्याने मान डोलावली, गाठोडे उचलले आणि ती फाटकाकडे चालू लागली. सुदैवाने शेजारच्या खाटेवरील बाईने तिला हाक मारून परत बोलावले. परिचारिका वाईट नव्हती, अहोरात्र राबून थकलेली होती. पण एका ‘ळ’पायी ती मुलगी रस्त्यात प्रसूत झाली असती!

भाषेनंतर येते अन्न. ज्वारीची भाकरी खा, नाचणीची आंबील प्या, असे तिला सांगितले जाते. सल्ला उत्तम, पण जिने भाकरी जन्मात थापली नाही, ती करणार काय? तिच्या गावी बाळंतिणीला हळद, सुंठ आणि गूळ घालून केलेला हरीरा देतात, सुंठीचे लाडू देतात. आपल्या डिंकाच्या लाडवांचीच ही बहीण. “तुमच्याकडे काय देतात?” एवढे विचारले, तरी ती बोलती होते. एकदा बोलती झाली, की लोहाच्या गोळ्या का घेतल्या नाहीत, तेही सांगते.

सगळ्याच चाली जपाव्यात, असे मात्र माझे म्हणणे नाही. चीक टाकून देण्याची, बाळाला मध चाटवण्याची रीत तिकडे आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्याकडेही होती. पहिल्या तासाभरात बाळ अंगावर घ्यावे आणि सहा महिने त्याला पाणीसुद्धा देऊ नये, हे सांगितलेच पाहिजे. पण ते तिच्या आईची टवाळी न करता सांगता येते.

प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिची स्वतःची एखादी स्त्री असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांसाठी ठरवले. घुंघटात वाढलेल्या मुलीला पुरुष डॉक्टरांसमोर तोंड उघडणे किती कठीण जाते, हे पाहिले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. पहिलटकरणीला ५,००० रुपये देणारी मातृवंदना योजना २०१७ पासून आहे. तिथे अडते ते कागदपत्रांपाशी. आणि काम संपले की बिऱ्हाड हलते. अशा वेळी तपासण्यांची नोंद असलेले कार्ड रुग्णालयाच्या कपाटात नव्हे, तिच्या गाठोड्यात हवे.

अशाच एका वस्तीत मी एका बाळाची छठी पाहिली. आपण पाचवीला सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. त्यांच्याकडे सहाव्या दिवशी आत्या बाळाला काजळ घालते. आत्या होती दूर गावी, आणि बाळंतीण एकसारखी रडत होती. अंगणवाडीच्या सेविकाबाई आल्या. “मी आत्या,” म्हणाल्या आणि काजळाची डबी त्यांनी हाती घेतली. डोळ्यांत मात्र त्यांनी काजळ घातले नाही. बाळाच्या तळपायाला ठसठशीत तीट लावली. बाळंतिणीने डोळे पुसले आणि त्यांच्या पुढ्यात गुळाचा खडा ठेवला.