मेंदूलहरींची तपासणी आणि व्यक्तीनुरूप मनोपचार : स्वागताध्यक्षीय भाषण



मनोविकारांच्या निदानात आणि उपचारांच्या निवडीत मेंदूलहरींच्या तपासणीला कोणते स्थान असावे, या प्रश्नाचा विचार करणारी परिषद मोठ्या शहराऐवजी चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या परिसरातील ऊर्जानगरात भरत आहे, याचा येथील नागरिकांना आनंद आहे आणि त्यामागे एक भूमिकाही आहे. वैद्यकातले नवे साधन ज्यांच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचते, त्यांच्या गरजेवर ते आधी पारखून घेतले, तर ते इतरांनाही अधिक उपयोगी पडते, अशी स्वागत समितीची धारणा आहे.

ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत आहे. १९८०च्या दशकात वीजनिर्मिती सुरू केलेल्या या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे आणि येथील अनेक कुटुंबांचे जीवन पाळ्यांच्या कामाच्या लयीत बांधलेले आहे. येथे निर्माण होणारा विद्युत्प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, आणि मेंदूलहरी टिपणाऱ्या यंत्राला सर्वाधिक अडथळा होतो तो याच ५० आवर्तनांचा. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा मेंदूचा संकेत साधारणपणे १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा एक लक्षांश ते एक दहा-हजारांश भाग इतका क्षीण असतो. त्यात भिंतींमधील तारांचा प्रभाव मिसळतो आणि तो गाळून टाकल्याशिवाय आलेख वाचता येत नाही. या परिषदेपुढील कामही त्याच जातीचे आहे : मेंदूलहरींविषयी आज जे सिद्ध आहे, जे आशादायक पण अपुरे आहे आणि ज्याचा केवळ गाजावाजा आहे, ते एकमेकांपासून वेगळे काढणे.

मेंदूच्या बाह्यावरणातील असंख्य चेतापेशी एका दिशेने रचलेल्या असल्यामुळे त्यांच्या संपर्कस्थानी घडणारे सूक्ष्म विद्युत्-बदल एकत्र होतात, कवटीतून झिरपत त्वचेपर्यंत येतात आणि ठरावीक अंतरांवर बसवलेल्या चकत्यांद्वारे टिपले जातात. या नोंदीला विद्युत्-मस्तिष्कालेख किंवा रुग्णालयातील रोजच्या बोलीत ईईजी म्हणतात. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा असा आलेख पहिल्यांदा नोंदवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. लहरींची विभागणी त्यांच्या वेगावरून होते : सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तनांच्या डेल्टा लहरी गाढ झोपेत दिसतात, चार ते आठ आवर्तनांच्या थीटा लहरी गुंगीत वाढतात, आठ ते तेरा आवर्तनांच्या अल्फा लहरी डोळे मिटून शांत बसलेल्या जाग्या माणसात डोक्याच्या मागील भागात ठळक होतात आणि त्याहून वेगवान बीटा लहरी जागृत, कार्यमग्न अवस्थेत आढळतात. या लहरींचे संगणकाच्या साहाय्याने मोजमाप करून ते समवयस्कांच्या नोंदींशी ताडून पाहिले, की त्याला संख्यात्मक ईईजी म्हणतात; आणि एखादा आवाज किंवा चित्र पुढे आल्यानंतर काही शतांश सेकंदांत मेंदू जो प्रतिसाद देतो, तो पुनःपुन्हा नोंदवून त्याची सरासरी काढली, की त्याला प्रसंगनिष्ठ विद्युत्-प्रतिसाद म्हणतात.

मनोविकारशास्त्राला अशा तपासणीची ओढ का वाटते, हे समजणे कठीण नाही. मधुमेहाला रक्तातील साखर आहे, हिवतापाला रक्तनमुना आहे. नैराश्य, द्विध्रुवीय विकार किंवा छिन्नमनस्कता यांचे निदान मात्र रुग्णाचे बोलणे, वागणे, पूर्वेतिहास आणि नातेवाइकांनी दिलेली माहिती यांवरच करावे लागते. उपचारांतही अनिश्चितता असते, कारण नैराश्यावरील गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या स्टार-डी या अभ्यासात पहिल्या औषधाने लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. उरलेल्यांना औषध बदलावे किंवा जोडीला दुसरे द्यावे लागते, आणि शहरात जो बदल एका फेरीत होतो, त्यासाठी भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील कुटुंबाला मजुरी बुडवून, पावसाळ्यात नाले उतरण्याची वाट पाहून लांबचा प्रवास करावा लागतो. औषध लागू पडत नाही म्हणून उपचारच सोडून देणाऱ्यांची व्यथा या जिल्ह्यांतील प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याच्या परिचयाची आहे. म्हणूनच, ज्याचा त्याचा मेंदू पाहून ज्याला त्याला योग्य ठरेल असा उपचार निवडणे, हे व्यक्तीनुरूप उपचाराचे ध्येय येथे चैनीचे नसून निकडीचे आहे.

या ध्येयाच्या दिशेने झालेल्या संशोधनाची दखल आदराने घ्यावी लागते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांमध्ये, अनपेक्षित आवाजानंतर सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी उमटणारा प्रतिसाद क्षीण असतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुनःपुन्हा आढळले आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या संशोधकगटाने मेंदूलहरी आणि इतर मोजमापे यांच्या आधारे तीव्र मनोविकारांचे तीन जैविक गट दाखवले, आणि ते गट छिन्नमनस्कता, द्विध्रुवीय विकार या प्रचलित नावांच्या सीमा ओलांडणारे होते. म्हणजे एकाच नावाखालील दोन रुग्णांचे मेंदू वेगळे आणि वेगवेगळ्या नावांखालील दोन रुग्णांचे मेंदू सारखे असू शकतात, असे त्यातून सूचित झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, सर्ट्रालिन हे नैराश्यावरील औषध कोणाला लागू पडेल याचा अंदाज उपचारापूर्वीच्या ईईजीवरून संगणकीय पद्धतीने बांधण्यात आला. ईईजी हे साधन तुलनेने स्वस्त, वेदनारहित आणि सहज वाहून नेण्याजोगे असल्यामुळे अशा निष्कर्षांचे मोल दुर्गम भागासाठी अधिक आहे.

तथापि आशा आणि पुरावा यांतील अंतर परिषदेने नजरेआड करू नये, अशी स्वागत समितीची विनंती आहे. नैराश्यातील उपचार-प्रतिसादाचा अंदाज ईईजीवरून बांधणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये घेण्यात आला, तेव्हा अनुकूल निष्कर्षच अधिक प्रसिद्ध होतात, बऱ्याच अभ्यासांतील रुग्णसंख्या तोकडी आहे आणि म्हणून ही पद्धत रोजच्या उपचारांसाठी अद्याप तयार नाही, असा निष्कर्ष निघाला. मुलांमधील अवधान-न्यूनतेच्या मूल्यमापनात साहाय्यक म्हणून थीटा आणि बीटा लहरींचे गुणोत्तर मोजणाऱ्या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये परवानगी दिली, पण तेथील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये बजावले, की या गुणोत्तराने नेहमीच्या वैद्यकीय मूल्यमापनाची जागा घेऊ नये. मेंदूलहरींवर गरजेपेक्षा जास्त भार टाकल्यास काय घडते, याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूतील विद्युत्-संकेतांवरून तिला गुन्ह्याची ‘अनुभवजन्य’ माहिती असल्याचा निष्कर्ष मांडण्यात आला, दोषसिद्धीच्या निर्णयात त्याला स्थान मिळाले आणि जगभरातील मज्जाशास्त्रज्ञांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी खटल्यातील निकालात अशा चाचण्या व्यक्तीच्या संमतीवाचून करणे घटनेतील स्वातंत्र्याच्या हमीशी विसंगत ठरवले. न्यायालयात जो संयम आवश्यक ठरला, तो दवाखान्यातही आवश्यक आहे, कारण रंगीत छटांनी भरलेल्या मेंदूच्या नकाशाला रुग्णाचे नातेवाईक अंतिम सत्य मानतात आणि महागड्या तपासणीच्या जोरावर चुकीचे निदानही त्यांना खरे वाटू शकते.

मग आजच्या घडीला, या दोन जिल्ह्यांत, मेंदूलहरींच्या तपासणीने मनोविकारांच्या उपचारात कोणते काम करावे? स्वागत समितीच्या मते पहिले आणि सर्वांत मोठे काम हे, की मानसिक वाटणाऱ्या लक्षणांमागे लपलेले मेंदूचे आणि शरीराचे आजार वेळेवर ओळखावेत. कानशिलाजवळच्या भागातून उद्भवणाऱ्या अपस्मारात, म्हणजे फेफऱ्यात, हातपाय न झटकताही रुग्ण काही क्षण हरवतो, असंबद्ध वागतो, त्याला भास होतात; अशा माणसाला वेडा ठरवले जाते किंवा त्याला बाहेरची बाधा झाली असे समजून पुजाऱ्याकडे नेले जाते. गडचिरोलीचा वाटा महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापाची सुरुवात कधी कधी बडबडीने, गोंधळाने आणि आक्रमकतेने होते. २००७ मध्ये वर्णन झालेल्या एका मेंदूदाहात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतील एनएमडीए या ग्राहींवरच हल्ला करते. तो बहुधा तरुण स्त्रियांमध्ये आढळतो, आरंभी निव्वळ मनोविकारासारखा दिसतो आणि वेळेवर ओळखला तर बरा होतो. चित्तभ्रम बहुतेक कारणांनी झाला असता लहरी मंदावतात, पण दारू अचानक सुटल्यामुळे झालेल्या चित्तभ्रमात त्या मंदावण्याऐवजी वेगवान असतात. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत आणि २०१५ ते २०२१ या काळात ती अनुभवलेल्या चंद्रपुरात हा भेद ओळखण्याची गरज डॉक्टरांना नवी नाही. यांतील प्रत्येक प्रसंगी ईईजी अंतिम उत्तर देत नाही, पण रक्ततपासणी, कंबरेतील पाण्याची तपासणी किंवा मेंदूचे चित्रण करण्याची निकड तो दाखवून देतो. याखेरीज मात्रेनुसार झटक्यांचा धोका वाढवणारे क्लोझापिन देताना आणि भूल देऊन केल्या जाणाऱ्या विद्युत्-उपचारात झटका पुरेसा झाला की नाही हे पाहताना तो उपयोगी पडतो.

याच कामाच्या मर्यादाही सर्वांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. अपस्मार असलेल्या रुग्णांपैकी पुष्कळांचा पहिला आलेख निर्दोष निघतो आणि उलट काही निरोगी माणसांच्या आलेखातही संशयास्पद लहरी दिसतात; झोपेच्या गोळ्यांनी बीटा लहरी वाढतात, अपुऱ्या झोपेने लहरींचे स्वरूप बदलते, आणि पाळीचे काम करून आलेल्या कामगाराचा आलेख वाचताना तो रात्रपाळीवर होता हे ठाऊक नसेल, तर चूक होण्याचा संभव असतो. म्हणून आलेखाच्या कागदावर औषधे, नशा, झोप, ताप आणि शेवटचा झटका यांची नोंद असणे हा व्यक्तीनुरूप उपचाराचा पहिला धडा आहे. माडिया, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली आणि वऱ्हाडी-झाडी बोलणाऱ्या या प्रदेशात रुग्णाची भाषा जाणणारा माणूस तपासणीच्या वेळी जवळ असणे हेही त्याच धड्याचा भाग आहे, कारण आलेख नैराश्याचे कारण सांगत नाही. पिकाचे नुकसान, वाघाच्या हल्ल्यात दगावलेला कर्ता पुरुष किंवा घरातली मारहाण यांची माहिती केवळ संवादातूनच मिळते.

नव्या पद्धतीची कठोर परीक्षा घेण्याची परंपरा या भूमीला आहे. ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या मदतीने नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, ४७ गावांशी परिणामांची तुलना केली आणि १९९९ मध्ये त्यातून निघालेले निष्कर्ष जगापुढे मांडले. त्यानंतर त्या पद्धतीचा स्वीकार देशात आणि देशाबाहेर झाला. मेंदूलहरींबाबतही हाच मार्ग योग्य आहे. संगणकीय अंदाज ज्या नोंदींवर शिकवले जातात, त्या बहुतांशी परदेशातील शहरी रुग्णांच्या असतात. कुपोषण, सिकलसेल आणि वारंवार येणारा हिवताप यांसह वाढलेल्या मेंदूंना ते जसेच्या तसे लागू पडतात, असे गृहीत धरता येत नाही. येथील माणसांवर तपासून पाहिल्याशिवाय येथील माणसांना अशा चाचण्या विकल्या जाऊ नयेत.

या भूमिकेतून स्वागत समिती परिषदेपुढे चार अपेक्षा ठेवत आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय रुग्णालयांत ईईजी नियमितपणे काढता यावा, त्यासाठी तंत्रज्ञांना प्रशिक्षण मिळावे आणि आलेख दूरस्थ पद्धतीने तज्ज्ञाकडून त्याच दिवशी वाचून घेण्याची सोय व्हावी. पहिल्यांदाच उद्भवलेला तीव्र मनोविकार, ताप किंवा झटक्यांसह आलेला गोंधळ, आणि औषधांना दाद न देणारा आजार, अशा कोणत्या प्रसंगी ही तपासणी अवश्य करावी, याची सोपी मराठी मार्गदर्शिका प्राथमिक आरोग्य केंद्रांना मिळावी. उपचार-प्रतिसादाचा अंदाज बांधणारे प्रयोग संमतीने, विनामूल्य आणि तुलनागटासह व्हावेत, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला दिलेला गोपनीयतेचा हक्क मेंदूच्या नोंदींनाही कसोशीने लागू व्हावा. शेवटची अपेक्षा ही, की १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर बोलणारा समुपदेशक, गावातली आशा कार्यकर्ती आणि आलेख वाचणारा तज्ज्ञ यांच्यात संपर्क राहावा, म्हणजे यंत्राने दिलेली माहिती औषधाची गोळी आणि पुढची भेट यांपर्यंत पोहोचेल.

दूरच्या गावांहून आलेल्या रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी चर्चांमध्ये निःसंकोच बोलावे आणि तज्ज्ञांनी त्यांना आधी ऐकावे, अशी समितीची आग्रहाची प्रार्थना आहे. कारण कोणत्या उपचाराने आपल्या माणसाला बरे वाटले आणि कोणत्याने नाही, याची सर्वांत जुनी नोंद त्यांच्याकडेच आहे.