प्रश्नाचा तास कोणाचा?



लोकसभेचे कामकाज सकाळी अकरा वाजता सुरू होते आणि त्यातला पहिला तास प्रश्नांचा असतो. राज्यसभेत हा तास २०१४ पासून दुपारी बाराला सुरू होतो. विधेयके सरकार आणते, अर्थसंकल्प सरकार मांडते, चर्चेचा क्रमही बहुतांशी सरकारच्या सोयीने ठरतो. या एका तासात मात्र सरकारला उत्तरदायी म्हणून उभे राहावे लागते. विचारणारा सत्ताधारी पक्षाचा असो वा विरोधी पक्षाचा, मंत्र्याला उठावेच लागते. हा तास कोणा एका पक्षाचा नाही, जनतेचा आहे. म्हणूनच त्याची हानी ही कोणा पक्षाची नव्हे, तर आपली हानी असते.

या तासाची रचना प्रथम समजून घेऊ. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. आलेल्या सूचनांची सोडत निघते. लोकसभेत दररोज वीस प्रश्न तारांकित म्हणून स्वीकारले जातात. त्यांची उत्तरे मंत्री तोंडी देतात. अतारांकित प्रश्नांना केवळ लेखी उत्तर मिळते. वीसही प्रश्न तासाभरात होत नाहीत, चार-सहा झाले तरी पुष्कळ. तारांकित प्रश्नाचे खरे बळ आहे ते पुरवणी प्रश्नात. मूळ उत्तर सचिवालयात लिहिले जाते, पुरवणी प्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्याला उभ्याउभ्या द्यावे लागते. त्याला आपले खाते किती ठाऊक आहे, हे तिथे उघड होते.

पहिले उदाहरण विम्याचे. १९५६ मध्ये २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईत आले. पुढच्याच वर्षी या महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग खरेदी केले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारात न घेता हा व्यवहार झाला. लोकसभेत प्रश्न आले, आणि डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी हे प्रकरण नेटाने लावून धरले. फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. त्यांनी ना पक्ष पाहिला, ना नाते. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांचा आयोग नेमला गेला. मुंबईत जाहीर सुनावणी झाली, फेब्रुवारीत अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. पॉलिसीधारकाच्या घामाच्या पैशाचा हिशेब संसदेत मागता येतो, हे देशाला तेव्हा कळले. २०२२ पासून महामंडळाचे समभाग बाजारात नोंदले गेले आहेत. पॉलिसीधारकाचा तो अधिकार त्यामुळे कमी झालेला नाही.

दुसरे उदाहरण व्यापाराचे, आणि तेही आपल्या घरचे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावूनच. पुढे हे शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. लासलगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा एकच विषय आहे. दिल्लीत मात्र तो तीन दारांमागे विभागलेला आहे. निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाची, शुल्क अर्थ मंत्रालयाचे आणि शहरातल्या ग्राहकाला पडणाऱ्या भावाची चिंता ग्राहक व्यवहार मंत्रालयाची. ‘कांदा उत्पादकांसाठी सरकार काय करीत आहे?’ असा सैल प्रश्न विचारला, तर योजनांची यादी हाती पडते. बंदीचा निर्णय कोणत्या आकडेवारीवर घेतला, त्या दिवशी साठा किती होता आणि उत्पादकाच्या हानीचा अंदाज काढला होता काय, असे नेमके विचारले तर मंत्र्याला निसटता येत नाही. संतापाने भाषण होते. प्रश्नाला अभ्यास लागतो.

तिसरा विषय विमान सुरक्षेचा. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, उड्डाण करताना इंडियन एअरलाइन्सच्या विमानाची धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडक बसली. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण दगावले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. न्या. लाहोटी यांच्या चौकशीनंतर विमानात टक्कररोधक यंत्रणा अनिवार्य झाली. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात संसदेत नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना त्याविषयी उत्तरे द्यावी लागली. ते योग्यच झाले. परंतु अपघातानंतरचा प्रश्न गेलेल्या माणसाला परत आणीत नाही. धावपट्टीच्या टोकाला असलेल्या रस्त्यावरची वाहतूक उड्डाणाच्या वेळी कोण थांबवतो, हा प्रश्न अपघाताच्या आदल्या वर्षी विचारला जायला हवा. तो विचारणाऱ्याचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून येत नाही. तरीही तोच प्रश्न सर्वांत मोलाचा असतो.

चौथा विषय प्रसारणाचा. जुलै १९७५ मध्ये, आणीबाणी लागू असताना, संसदेचे अधिवेशन भरले आणि सरकारने प्रश्नोत्तराचा तासच स्थगित करविला. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, आकाशवाणी सरकारच्या मुठीत होती. हिंदुस्थान समाचारसह चार वृत्तसंस्था १९७६ मध्ये एकाच ‘समाचार’ संस्थेत कोंबल्या गेल्या. नभोवाणीवर काय चालले आहे हे सभागृहात विचारण्याची वाटच बंद झाली होती. १९७७ मध्ये नव्या सरकारचे माहितीमंत्री लालकृष्ण अडवाणी यांनी प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका मांडली, तेव्हा त्या काळाचा हिशेब समोर आला. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. महामंडळ स्वायत्त असले, तरी त्याला अनुदान जनतेच्या तिजोरीतून मिळते. त्यामुळे मंत्र्याला त्याविषयी हात झटकता येत नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडच्या साथीत तोंडी प्रश्नांचा तास पुन्हा वगळला गेला, लेखी उत्तरे चालू राहिली. त्याचे कारण वेगळे होते, हेतूही वेगळा होता. तरीही ज्यांनी १९७५ सोसले, त्यांनी तरी या तासाला कधी दुय्यम मानू नये.

आता थोडे आत्मपरीक्षण. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांपैकी सहा भारतीय जनता पक्षाचे होते, आणि त्या सहांतले दोघे आपल्या खानदेशातले. हे दुखरे आहे, म्हणूनच सांगितले पाहिजे. दुसऱ्याच्या पक्षातला असा खासदार आपल्याला चटकन दिसतो. आपल्याकडचा दिसण्यासाठी अधिक प्रामाणिक डोळे लागतात.

दुसरा दोष गोंधळाचा. घोषणा होतात, फलक झळकतात, सभागृह तहकूब होते. त्या दिवशीच्या तारांकित प्रश्नांची उत्तरे मग लेखी स्वरूपात पटलावर ठेवली गेली असे मानले जाते. पुरवणी प्रश्न येतच नाही. म्हणजे ज्या मंत्र्याला घेरण्यासाठी गोंधळ घातला, तोच सुखरूप घरी जातो. सत्ताधारी कोणीही असो, विरोधक कोणीही असो, या व्यवहारात हानी होते ती प्रश्न पाठवणाऱ्या मतदाराची.

मग कार्यकर्त्याने काय करावे? ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल’ हे वाक्य नियमाने आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पूर्ण व्हावे लागते आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून समिती आहे. आपल्या जिल्ह्याविषयी दिलेली अशी आश्वासने शोधून खासदाराला त्यांची आठवण करून देता येईल. रामभाऊ म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवीत. असा अहवाल आज आपणही मागावा, आणि त्यात प्रश्न किती विचारले यापेक्षा कोणते विचारले हे पाहावे. जिल्ह्यातल्या विमानतळाचा, बाजार समितीचा, विम्याच्या अडकलेल्या दाव्यांचा एक नेमका प्रश्न कागदपत्रांसह तयार करून खासदाराच्या हाती द्यावा. खासदार आपल्या पक्षाचा असेल, तर तो अधिक आग्रहाने द्यावा. आपल्या सरकारला अडचणीचा प्रश्न विचारणे हा द्रोह नव्हे. फिरोज गांधींनी १९५७ मध्ये तेच केले होते.