साहेब, कडबा कुठाय?

जाणकार गिऱ्हाईक धान्याच्या दुकानात गेलं, की नुसती ज्वारी मागत नाही. 'मालदांडी आहे का?' असं विचारतं आणि चार पैसे जास्त मोजतं. ही मालदांडी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची. मोहोळच्या संशोधन केंद्रात शेतकऱ्यांच्याच पिकातून निवडून काढलेलं 'मालदांडी ३५-१' हे वाण स्वातंत्र्यापूर्वीचं आहे. ज्वारीचं पहिलं संकरित वाण 'सीएसएच-१' आलं १९६४ साली. त्यानंतर एकाहून एक सरस वाणं आली, तरी सोलापूर, मंगळवेढा भागातल्या रब्बीच्या शिवारातून मालदांडी काही हलली नाही. असं का, हे मला एका शेतकऱ्यानं शिकवलं. त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

१९८१ साली मी शेतीखात्यात नवा नवा लागलो होतो. संकरित बियाण्याचा प्रसार हे माझं काम. गावातले एक तात्या मोठ्या मिनतवारीनं एक एकर द्यायला तयार झाले. शेजारच्या रानात त्यांची नेहमीची मालदांडी. सुगी झाली, रास झाली, मापं घेतली. माझ्या एकरात दाणा जास्त भरला. मी खुशीत वहीत आकडे लिहीत होतो. तात्या खळ्याच्या कडेला उभे होते. म्हणाले, "दाणा तुमचा जास्त झाला खरं. पण साहेब, कडबा कुठाय?"

मी वर बघितलं. माझ्या प्लॉटचा कडबा आखूड आणि जाडाभरडा, त्यांच्या मालदांडीचं ताट डोक्याच्या वर गेलेलं. तात्यांच्या दावणीला दोन बैल, एक म्हैस. उन्हाळ्यात त्या भागात हिरवं पान दिसत नाही. पावसाळा लागेपर्यंत जनावरं जगायची ती या कडब्यावर. त्यातून उरला तर शेकड्याच्या भावानं पेंढ्या विकायच्या. दुष्काळी सालात तर कडब्याचा पैसा दाण्याच्या बरोबरीला येतो. माझ्या वहीत कडब्याचा रकानाच नव्हता.

दुपारी काकूंनी दोन्ही पिठांच्या भाकऱ्या केल्या. संकरितची थापताना कडेला चिरत होती. मालदांडीची सरसर मोठी होत गेली, तव्यावर टम्म फुगली आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहिली. ज्या घरात तिन्ही त्रिकाळ भाकरी, तिथं ही गोष्ट लहान नसते.

पुढं हळूहळू बाकीची कारणं उमगत गेली. रब्बीची ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यानंतर पाऊस येईलच असं नाही. काळ्या भारी जमिनीत जी ओल साठली असेल, तिच्यावर सगळं पीक काढायचं. खोडमाशी, पाण्याच्या ताणात ताटं कोलमडून पाडणारा खडखड्या, हे सगळं मालदांडी बऱ्यापैकी सोसते. चांगल्या सालात तिचा उतारा थोडा कमी पडेल, पण वाईट सालातही ती घरात काहीतरी आणून टाकते. ज्याच्याकडे विहीर नाही, त्याला हा भरवसा चार पोत्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि बियाणं. ज्वारी बहुतांशी स्वपरागी, म्हणून मालदांडीचं घरचं बी पुढल्या वर्षीही मालदांडीच देतं. काकू उभ्या पिकातली टपोरी कणसं हेरून बाजूला काढायच्या, ती आढ्याला टांगलेली असायची. संकरित वाणाचं बी घरचं धरलं तर पुढच्या पिढीत फाटाफूट होते, म्हणून ते दरसाल विकत घ्यावं लागतं. आधीच्या सुगीत हात रिकामा राहिला, की पेरणीच्या तोंडावर पैसा आणायचा कुठून? घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा हक्क २००१च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिला. काकू ते त्याच्या कितीतरी आधीपासून करत होत्या.

संकरित ज्वारीला मी नावं ठेवत नाही. १९७२च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत खरिपाच्या हायब्रीडनं अनेक घरांत चूल पेटती ठेवली. पण खरिपात वाण हलकं आणि लवकर येणारं लागतं, रब्बीची गरज वेगळी. हे पुढं शास्त्रज्ञांनीही ओळखलं. राहुरीची 'फुले वसुधा', 'फुले रेवती', परभणीची 'परभणी मोती' ही सुधारित वाणं दाण्याबरोबर कडबा आणि भाकरीकडेही बघून काढलेली आहेत.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारं उघडली, अशी कथा सांगतात ती याच मंगळवेढ्याची. मानांकनाचा आनंद आहेच. पण मागच्या वर्षी तात्यांच्या मुलाकडे गेलो, तर अर्ध्या रानात हरभरा. म्हणाला, "काका, ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही. मिळालं तर मजुरी परवडत नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला, आता कडबा घालायचा कुणाला?" घरच्या भाकरीपुरती दोन एकर तेवढी त्यानं ठेवली आहे. एक म्हैस आहे, तिच्यासाठी कडबा होतो.

तात्यांनी जुनं वाण ज्या हिशेबानं राखलं, त्याच हिशेबानं त्यांचा मुलगा ते सोडायला निघाला आहे. त्याला दोष कसा द्यायचा? काढणीचं सुटसुटीत यंत्र आणि दाण्याला नावाप्रमाणे भाव, एवढं मिळालं तर तो पुन्हा पेरील. यंत्राचं खातं बघेल. भावाचं मात्र आपल्या हातात आहे. दुकानात गेल्यावर नाव घेऊन मालदांडी मागा, आणि दुकानदारानं चार पैसे जास्त सांगितले तर फार घासाघीस करू नका.

शेतीखात्यात नव्यानं लागलेल्या पोरांना मात्र मी एकच सांगतो. वहीत दाण्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखून ठेवा, आणि तो शेतकऱ्याला विचारून भरा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)