जमाखर्चाबाहेरचे दुखणे



प्रजेच्या आजारपणाचा खर्च सरकारने अंगावर घ्यावा की नाही, हा प्रश्न ज्या ज्या विधिमंडळापुढे आला, तेथे तेथे थोड्याच दिवसांत त्याची जागा दुसऱ्या एका प्रश्नाने घेतली. हे परवडेल काय? या प्रश्नाला मी क्षुद्र मानीत नाही. राज्याची तिजोरी म्हणजे द्रौपदीची थाळी नव्हे, आणि एका बाबीला मंजूर केलेला रुपया दुसऱ्या कोणत्या तरी बाबीच्या तोंडचा काढलेला असतो, याचे भान सुटलेल्या कनवाळूपणाने दीनदुबळ्यांचे हित साधत नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर ज्या वहीत शोधतात, ती वही बहुधा अर्धीच असते, असे माझे मत झाले आहे. आणि ते मी मुख्यत्वे इंग्लंडच्या १९४८ ते १९५६ या आठ वर्षांच्या इतिहासाच्या आधाराने आपल्यापुढे मांडणार आहे.

त्यापूर्वीची स्थिती थोडी सांगितली पाहिजे. लॉइड जॉर्ज यांनी १९११ साली केलेल्या विम्याच्या कायद्यान्वये मजुरी करणाऱ्या माणसाला डॉक्टर मिळू लागला होता. पण त्याच्या बायकोमुलांची नावे त्या दप्तरात दाखल नव्हती, आणि रुग्णालयातील उपचारांचा त्या विम्यात सर्वसाधारणपणे समावेश नव्हता. ज्या घरात कर्त्या पुरुषाचा खोकला विम्याने बरा होई, त्याच घरातली गृहिणी बाळंतपणात जडलेले दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढीत असे. आणि दृष्टी अधू झालेला म्हातारा स्वस्त वस्तूंच्या दुकानात जाऊन, तेथे मांडून ठेवलेले चष्मे एकामागून एक डोळ्यांना लावून पाहून, त्यातल्या त्यात ज्यातून बरे दिसेल तो विकत घेत असे. ही दुखणी कोणत्याही सरकारी जमाखर्चात रुजू नव्हती, म्हणून ती फुकट होती असे म्हणता येईल काय? त्यांची किंमत पुरेपूर वसूल होत होती. फक्त तिची पावती कोणी फाडीत नव्हते.

महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ च्या डिसेंबरात, सर विल्यम बेव्हरिज यांनी आपला सुप्रसिद्ध अहवाल सादर केला. त्यात आरोग्यसेवेसाठी वार्षिक १७ कोटी पौंडांचा अंदाज होता, आणि पुढे १९६५ च्या रकान्यातही त्यांनी तोच आकडा मांडला होता. उपचार सर्वांना मिळाले की लोक निरोगी होतील, निरोगी झाले की मागणी घटेल, आणि सेवेच्या विस्ताराने वाढणारा खर्च या घटीने भरून निघेल, अशी त्यामागची विचारसरणी होती. हेतू उदात्त होता. अंदाज मात्र साफ चुकला. ज्याला आपण वाचवतो तो म्हातारा होतो, आणि म्हातारपणाला अधिक औषध लागते, ही साधी गोष्ट त्या बुद्धिमान गृहस्थांच्या हिशेबातून निसटली. सुधारणेच्या कैवाऱ्यांनी हे मोकळेपणाने कबूल करावे असे मला वाटते. कारण स्वस्ताईचे आश्वासन देऊन आणलेली योजना पहिल्याच पुरवणी मागणीच्या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

तसेच घडले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. दंतवैद्यांच्या दारी रांगा लागल्या. तरतूद अपुरी पडली, पुरवणी मागण्या सभागृहापुढे आल्या, आणि फुकट म्हटल्यावर लोक उधळपट्टी करणारच, असा सूर टीकाकारांनी लावला. वास्तविक एक माणूस गंमत म्हणून दोनदा दात उपटून घेत नाही. जी गर्दी लोटली ती चाळीस-पन्नास वर्षांच्या थकबाकीची होती. लुगड्याच्या पदराआड आपल्याकडच्या बायका दुखणी लपवतात, तशी तिकडच्या गिरणगावांतल्या बायकांनीही ती लपवली होती, आणि दार उघडले गेल्याबरोबर त्या प्रथमच डॉक्टरसमोर येऊन बसल्या, ही त्या काळातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेली हकीकत आहे.

या सेवेचे जनक अन्युरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर गावचे. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले. त्या गावी खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून दर पौंडामागे ठरावीक पेनी कापून देऊन स्वतःचे डॉक्टर आणि रुग्णालय चालवले होते. गरिबाला आरोग्य परवडते की नाही, हा विषय बेव्हन यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. १९५१ च्या १० एप्रिलला अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी अंदाजपत्रक मांडले, तेव्हा कोरियाच्या युद्धामुळे तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांची शस्त्रसज्जता करण्याचे ठरलेले होते, आणि त्याच अंदाजपत्रकात कवळी व चष्मा यांवर आकार बसवून त्या वर्षी सुमारे १ कोटी ३० लाख पौंड वाचवण्याची योजना होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. बेव्हन यांनी मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हे त्यांचे सहकारीही त्यांच्यापाठोपाठ बाहेर पडले. बेव्हन यांच्या स्वभावात अहंकार होता, हे मी नाकारीत नाही. परंतु एवढी शस्त्रसामग्री ठरल्या मुदतीत तयारच होऊ शकणार नाही, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले, आणि पुढे चर्चिलसाहेबांच्या सरकारलाच तो कार्यक्रम लांबणीवर टाकावा लागला. चष्म्यावरचा आकार मात्र कायम राहिला.

आता ज्या कागदासाठी मी हा सारा इतिहास उकरला, त्याकडे येतो. सेवेचा खर्च आवाक्याबाहेर चालला आहे या समजुतीने हुजूर पक्षाच्या सरकारने १९५३ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. काटकसरीची कलमे सुचवली जातील अशी खजिन्याच्या अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. ब्रायन एबल-स्मिथ नावाच्या तरुण संशोधकाने रिचर्ड टिटमस यांच्यासह समितीसाठी हिशेब तपासला. आणि तो तपासताना त्यांनी कोणत्याही सावध कारभाऱ्याने प्रथमच करायला हवी होती ती गोष्ट केली, ती अशी की, वाढलेल्या पौंडांतून महागाईचा भाग वेगळा काढला, लोकसंख्येची वाढ वेगळी काढली, आणि जो उरला त्याची तुलना राष्ट्राच्या एकंदर उत्पन्नाशी केली. १९४९-५० साली आरोग्यसेवेवर राष्ट्रीय उत्पन्नाचे ३.७५ टक्के खर्च होत होते. १९५३-५४ साली ते ३.२५ टक्क्यांवर उतरले होते. ज्या चार वर्षांत सभागृहात उधळपट्टीच्या नावाने ओरड चालली होती, मंत्री राजीनामे देत होते आणि एक पक्ष दुभंगला होता, त्याच चार वर्षांत हे ओझे राष्ट्राच्या खांद्यावर हलके होत गेले होते! १९५६ च्या जानेवारीत अहवाल प्रसिद्ध झाला. सर्रास उधळपट्टीचा पुरावा नाही, उलट रुग्णालयांच्या इमारतींवर फार कमी खर्च झाला आहे, असे त्या समितीने नमूद केले.

अमेरिकेतील वाद अधिक अलीकडचा, आणि त्याचा दोष निराळा. २३ मार्च २०१० रोजी ओबामा यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातील विमा-विस्ताराला दहा वर्षांत ९३८ अब्ज डॉलर लागतील, तरीही सरकारची तूट १४३ अब्जांनी घटेल, असा अंदाज तेथील संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने दिला होता. खर्च वाढूनही तूट कशी घटावी? तर वृद्धांच्या विमायोजनेतून रुग्णालयांना मिळणाऱ्या रकमांची वाढ रोखून, आणि नवे कर बसवून. त्यांपैकी महागड्या विम्यावरचा कर आधी तहकूब होत राहिला आणि २०१९ साली, एक दिवसही अमलात न येता, रद्द झाला. विरोधकांच्या शंकेत म्हणूनच तथ्य होते: देण्याचे कलम टिकते आणि घेण्याचे कलम ढिले पडते. पण त्यावरून विमा देऊ नये असे ठरत नाही. करावर मत देण्याचे धैर्य लोकप्रतिनिधींनी दाखवावे, एवढेच ठरते.

आपल्या घराकडे वळतो. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली असे तत्त्व मांडले की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य वैद्यकीय साहाय्याला वंचित होऊ नये. आणि त्यासाठी गावापर्यंत पोहोचणाऱ्या दवाखान्यांची उतरंड सुचवली. त्या शिफारशींचा थोडाच अंश अमलात आला. पुढे २०१२ साली महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, ती पुढल्या वर्षी राज्यभर पसरली, आणि २०१७ पासून महात्मा फुले यांचे नाव धारण करून आहे. केंद्राची पाच लाखांच्या संरक्षणाची योजना २०१८ ची. या योजना परवडतात काय, असे विचारणाऱ्यांना मी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतील दोन आकडे दाखवीन: देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून दिलेला भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. घट मोठी आहे. पण उरलेले ओझेही थोडे नाही. सातबारा गहाण टाकून शस्त्रक्रिया करणाऱ्या शेतकऱ्याचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, सावकाराच्या वहीत दिसतो, आणि परवडण्याचा वाद घालताना ती वही आपण उघडीत नाही.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. आपल्या विमायोजना मुख्यतः दाखल झालेल्या रोग्यासाठी आहेत, आणि घराघरातला पैसा झिरपतो तो बाह्यरुग्ण तपासणीत आणि औषधांत. रक्तदाबाचा विकार जडलेला एखादा शेतमजूर घ्या. सरकारी दवाखान्यात त्याला गोळ्या फुकट मिळण्याची सोय आहे. पण ज्या महिन्यात तेथील साठा संपलेला असतो, त्या महिन्यात तालुक्याच्या गावी जाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि बाहेरच्या दुकानातली गोळी यांचा हिशेब करून तो गोळी बंद करतो. त्याच्या त्या गोळीला विम्यात जागा नाही. पुढे एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येऊन त्याला रुग्णालयात आणले म्हणजे, शिधापत्रिका पाहून, अर्ज मंजूर होऊन, पाच लाखांपर्यंतचे संरक्षण त्याच्या उशाशी येऊन उभे राहते.