केसांची निगा आणि उवांचा बंदोबस्त



आज बोलायचं आहे ते डोक्यावरच्या केसांबद्दल. तुम्ही म्हणाल, शेतीच्या कार्यक्रमात केसांचं काय काढलंत? पण कारण शेतीतलंच आहे. लेकरांच्या डोक्यात उवा झाल्या की काही घरांत हात जातो तो फवारणीच्या बाटलीकडे. पूर्वी गॅमेक्झिनची भुकटी लावत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे, पण सवय मोडलेली नाही.

हे कधीही करू नका. फवारणीचं विष कातडीतून अंगात भिनतं. खाजवून डोक्याला ओरखडे पडलेले असले तर आणखी लवकर भिनतं. लेकराचं अंग लहान, त्याला थोडं विषही जिवावर बेततं. चुकून कुणी लावलंच, तर अंगावरचे कपडे काढा, डोकं आणि अंग साबणानं भरपूर पाण्यात धुवा आणि बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. ओकारी, लाळ, घाम किंवा झटके येण्याची वाट पाहू नका. रॉकेलही लावू नका. कातडी भाजते, आणि चुलीजवळ गेलं तर पेट घेतं.

मग उवांना करायचं काय? उवेला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती पसरते. लिखा साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदाच विंचरून भागत नाही. केस ओले करून किंवा तेल चोपडून बारीक दातांच्या फणीनं मुळापासून टोकापर्यंत विंचरा. दर तिसऱ्या दिवशी, निदान पंधरा दिवस. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुवून उन्हात घाला. एवढ्यानं भागलं नाही तर आरोग्य केंद्रात उवांचं औषध विचारा.

सीताफळाच्या बियांची पूड बऱ्याच गावांत लावतात. तिनं उवा मरतात हे खरं, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. असंख्य वेदना होतात आणि नजर अंधुक होते. मुलांना तर ही पूड लावूच नये.

आता रोजच्या धुण्याचं. शिकेकाई अर्धा किलो, आवळकाठी पाव किलो, बी काढलेली रिठ्याची साल १०० ग्रॅम आणि मेथ्या ५० ग्रॅम. सगळं उन्हात कडक वाळवा, कुटा आणि वस्त्रगाळ करा. कुटताना नाकाला फडकं बांधा, नाहीतर ठसका लागतो. रात्री तीन चमचे पूड तांब्याभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून त्या पाण्यानं केस धुवा. लोखंडी भांड्यात भिजवलं तर आवळ्यामुळं पाणी काळं पडतं, त्यानं भिऊ नका. शिकेकाई आणि रिठा डोळ्यांना झोंबतात, तेव्हा डोळे मिटून धुवा. आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

पाटाच्या कडेला, ओलीवर माका उगवतो. पांढरी बारीक फुलं, आणि पान चुरगाळलं की रस काळा पडतो. एक वाटी रस आणि दोन वाट्या खोबरेल थंड असतानाच एकत्र करा, मग मंद आचेवर ठेवा. गरम तेलात रस ओतू नका, उडून भाजेल. तडतड थांबली की पाणी आटलं असं समजा. गाळून बाटलीत भरा. मात्र तणनाशक मारलेल्या बांधावरचा माका घेऊ नका.

कोंडा झाला असेल तर तेलाचा थर देत बसू नका, कोंडा वाढतो. कडुनिंबाचा पाला उकळून थंड केलेल्या पाण्यानं शेवटी डोकं धुवावं.

आणि एक सरळ सांगतो. या वनस्पतींनी डोकं स्वच्छ राहतं, केस मऊ होतात. टकलावर केस उगवत नाहीत. गोल चट्टा पडून केस गेले, खपल्या धरून पू आला, बाळंतपणानंतर किंवा तापानंतर केस गळून अशक्तपणा राहिला, तर डॉक्टरला दाखवा. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत अनेकांचे केस थोड्या दिवसांत गळाले, तेव्हा तपासणीला पथकं आली. असं एकाच गावात अनेकांना झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

तेव्हा मंडळी, फवारणीचं औषध कुलपात आणि फणी हाताशी, एवढं लक्षात ठेवा. नमस्कार.