मृत्युपत्र आणि आपल्या गावचा वकील



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र मृत्युपत्राविषयी, आणि ते करण्यासाठी योग्य वकील कसा शोधावा याविषयी बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते माझ्या निबंधावर एकदा शेरा लिहून गेले होते : ‘वाक्ये सुंदर, प्रश्नाचे उत्तर नाही.’ उतारवयात तोच शेरा मला पुन्हा मिळाला.

निवृत्तीनंतर मी स्वहस्ते मृत्युपत्र लिहिले. मुले परदेशी स्थिरावलेली. पगारातून बांधलेले घर माझ्या पश्चात आक्काला मिळावे, एवढीच इच्छा होती. माझ्या या अविवाहित थोरल्या बहिणीने आईची अखेरची अकरा वर्षे सेवा केली. तिला स्वतःचे छप्पर नाही. पुण्यात वकिली करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मसुदा पाहिला, दोन सहकाऱ्यांनी साक्षीच्या सह्या केल्या आणि मी निर्धास्त झालो.

पुढे अन्य कामासाठी फोंड्यातील एका वकीलबाईंकडे गेलो असता तो कागद सहज दाखवला. वाचून त्या म्हणाल्या, “सर, भाषा उत्तम आहे. पण हा कागद पुण्याचा आहे, आणि आपण गोव्याचे.”

गोव्याबाहेर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र चालते. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1961 च्या मुक्तीनंतरही कायम राहिली. तिच्यातील वारसाहक्काच्या भागाची जागा राज्याच्या 2012 च्या कायद्याने घेतली; तो 2016 साली अमलात आला. गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली दिला.

बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. आमचे लग्न गोव्यात नोंदलेले, विवाहपूर्व करार नाही. म्हणून मी ‘माझे’ म्हणत होतो त्या घराचा अर्धा भाग पत्नीचाच होता. उरलेल्या अर्ध्यातील निम्मा कायद्याने मुलांसाठी राखीव. म्हणजे एकूण संपत्तीचा चौथा हिस्साच माझ्या इच्छेवर सोडलेला! आणि तो देण्यासाठीही मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर व्हायला हवे. तालुक्याचे सब-रजिस्ट्रार हेच ते काम पाहतात. मी त्याच रात्री गेलो असतो, तर आक्काच्या हाती एक निर्दोष मराठी उतारा उरला असता.

म्हणून वकील शोधताना पहिला प्रश्न कीर्तीचा नसावा, गावचा असावा. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. तेव्हा विचारपूस हाच मार्ग. ज्या घरची वाटणी भांडणाविना पार पडली, त्या घरी विचारावे. वकिलाची नोंद बार कौन्सिलकडे आहे ना, हे पाहावे. गोव्यातील वाटणीची, म्हणजे इन्व्हेंटरीची, किती प्रकरणे चालवली, जुने पोर्तुगीज दस्त वाचता येतात की दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात, हे संकोच न करता विचारावे. शुल्क आधी लेखी ठरवावे. मिळणाऱ्या मालमत्तेत टक्केवारी मागणाऱ्याकडून उठून यावे. तसे शुल्क नियमबाह्य आहे. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य साहाय्य मिळते.

आणखी एक कसोटी मला बाईंनीच शिकवली. मसुद्यापूर्वी त्यांनी आक्काला आणि पत्नीला बाहेर बसवले व मला एकट्याला विचारले, “हे आपल्याच मनातले ना?” ज्याला मिळायचे आहे त्याच्यादेखत इच्छा विचारणारा वकील नको.

नंतर पत्नीशी त्या स्वतंत्रपणे बोलल्या. आम्ही दोघांनी आपापल्या मोकळ्या हिश्श्यातून आक्काला हयातभर घरात राहण्याचा हक्क देणारी दोन वेगळी मृत्युपत्रे विशेष नोटरीसमोर केली. मुलांना आधीच कळवले. थोरल्याने फोनवर एवढेच म्हटले, “बाबा, हे आम्हांला आधी का नाही विचारलंत?” तो प्रश्न मला अजून बोचतो. कायद्यातील चूक वकीलबाईंनी दुरुस्त केली. घरात न बोलण्याची चूक माझी मलाच दुरुस्त करावी लागली.

मित्रहो, गुरुजी उत्तर तपासत. वाक्यांवर भुलत नसत. आपापल्या कपाटातील कागद या आठवड्यात बाहेर काढा, घरच्यांशी बोला आणि आपल्या तालुक्यातील जाणत्या वकिलाला तो दाखवा. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.